लिंबावर घेतलेली ट्रायल

शाळेच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' या शब्दांपुढचा चौकोन जरा मोठा असता, तर हितेंद्र कोचरेकरावर पुढचा सगळा प्रसंग ओढवला नसता. चौकोन होता काडेपेटीएवढा. त्यात 'जावक लिपिक, इंजिनिअरिंग विभाग' बसवायचं तर अक्षर मुंगीएवढं काढायला हवं, आणि हितेंद्रचं अक्षर दुकानाच्या पाटीसारखं. (बावीस वर्षं पाकिटांवर पत्ते लिहून ते तसं झालं होतं.) त्याने पेन तोंडात धरून थोडा विचार केला, बाकीचे शब्द गाळले आणि नुसतं 'इंजिनिअरिंग' लिहून टाकलं. खोटं असं त्यात काहीच नव्हतं. विभागाचं नाव तेच होतं, त्याच्या टेबलावरच्या पंख्यावरही तेच रंगवलेलं होतं. फक्त लिहून झाल्यावर तो शब्द त्याला इतका आवडला, की फॉर्म देण्याआधी त्याने तो दोनदा वाचला.

मुलगी मनवा तेव्हा पहिलीत होती. पुढची तीन वर्षं तो शब्द शाळेच्या कपाटात गुपचूप पडून राहिला. मनवा चौथीत गेली आणि त्या वर्षी शाळेत दीपिका मॅडम आल्या.

दीपिका मॅडम म्हणजे सलवार-कमीजवर स्पोर्ट्स शूज घालणाऱ्या बाई. आल्या आल्या त्यांनी पालकसभेत जाहीर केलं, "या वर्षीपासून विज्ञान पाठ करायचं नाही, हाताने करायचं. आणि प्रोजेक्ट म्हणजे पालकांनी रविवारी बसून केलेला चार्ट नव्हे. मुलं वर्गात करतील, चुकतील, पुन्हा करतील."

पोटापाण्याचा धंदा बुडाल्यासारखे चेहरे झाले पालकांचे. हितेंद्रला तर फारच लागलं. मनवाचे आजवरचे सगळे प्रोजेक्ट त्यानेच केले होते. पाणीचक्र त्याचं होतं, सूर्यमाला त्याची होती (तिच्यातला शनी वाटेतच गळून पडला, पण कडं शेवटपर्यंत शाबूत होतं), आणि तिसरीतली पवनचक्कीही त्याचीच. ती फिरली नाही हे खरं. पण वर्गात वाराच नव्हता, त्याला तो काय करणार?

श्रावण लागला आणि एका संध्याकाळी मॅडमचा फोन आला. हितेंद्रने सवयीने स्पीकर लावला.

"सर, येत्या शनिवारी आमचा 'अंडं वाचवा' प्रोजेक्ट आहे. शाळेच्या दुसऱ्या मजल्यावरून अंडं खाली सोडायचं आणि ते फुटू द्यायचं नाही. घरातल्या वस्तू वापरून काहीतरी बनवायचं. मुलांनी करण्याआधी एका पालकांनी त्यांच्यासमोर आपलं मॉडेल टाकून दाखवावं, अशी माझी कल्पना आहे. मनवा म्हणाली, माझ्या बाबांनाच बोलवा. फॉर्म बघितला तर तुम्ही इंजिनिअर!"

हितेंद्रने तोंड उघडलं. 'अहो मॅडम, तसं नाही' हे शब्द जिभेवर आले होते, त्यात काही शंका नाही. पण समोर मनवा उभी होती. दोन वेण्या, एका हातात अर्धी खाल्लेली राजगिऱ्याची वडी आणि डोळे असे चमकताहेत की जणू बाबा आत्ताच चंद्रावर निघालाय.

"त्यात काय!" हितेंद्र फोनवर म्हणाला. "आमचं रोजचंच काम आहे ते."

फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरातून त्याची बायको अनुजा बाहेर आली. ती दादरला एका लॅबमध्ये रक्ता-लघवीचे रिपोर्ट टाइप करते.

"कसलं रोजचं काम?"

"अंडं वाचवायचं."

"आणि इंजिनिअर कोण?"

हितेंद्रने मनवा गॅलरीत गेल्याची खात्री करून घेतली आणि खालच्या आवाजात चौकोनाची हकीकत सांगितली. अनुजाने शांतपणे ऐकून घेतली. "मी लॅबमध्ये आहे," ती म्हणाली, "म्हणून आईच्या रकान्यात डॉक्टर लिहिलं का मी? सांगून टाक मुलीला. आत्ताच्या आत्ता."

"शनिवार होऊन जाऊ दे. एकदा अंडं वाचलं की सांगतो. मग तिला वाईट वाटणार नाही."

"आणि फुटलं तर?"

तो विचार हितेंद्रच्या मनात आलाच नव्हता. आता आला. ऑफिसात साहेब बोलले तर तो ऐकून घेई, चाळीत कुणी चेष्टा केली तर स्वतःही हसे. पण जगात एकच माणूस असं होतं जे त्याच्याकडे मान वर करून बघत होतं, आणि त्या माणसाची उंची होती चार फूट दोन इंच. मनवाच्या डोळ्यांतली ती चमक जाऊ द्यायची नाही, बाकी काय व्हायचं ते होवो, असं त्याने ठरवून टाकलं.

ठरवणं सोपं होतं. पहिली अडचण दारातच बसलेली होती. ती म्हणजे त्याची आई, गंगुबाई. तिने तिथूनच सगळं ऐकलं होतं.

"हितू, अंडा माझ्या उंबऱ्याच्या आत येवचा नाय. शाळा झाली म्हणान काय श्रावण सुटलो?"

"अगो आई, खायचं नाहीये. वरून खाली टाकायचंय."

"खावचा नाय तर हाडतस कित्याक?"

खायचं नाही तर आणायचं कशाला, या प्रश्नाला विज्ञानाकडे उत्तर नव्हतं. कोचरेकरांच्या घरी गटारीला जे काय व्हायचं ते होतं, आणि दुसऱ्या दिवसापासून गणपती जाईपर्यंत अंड्याचं नावही काढत नाहीत. केकसुद्धा पाकिटामागचं वाचूनच आणतात. चाळीतही बहुतेकांचं तसंच. म्हणजे अंडं आणून सराव करायचा तो कुठे? ऑफिसच्या गच्चीचा विचार हितेंद्रने करून पाहिला. पण आईचा श्रावण आणि आपली नोकरी दोन्ही एकाच अंड्यात मोडायला नको, म्हणून तो बाजूला ठेवला.

मग त्याला युक्ती सुचली. (आपल्याला युक्ती सुचली की हितेंद्र नेहमी दोन बोटांनी नाक चिमटीत धरतो. अनुजाने ते पाहिलं आणि देवाला हात जोडले.)

लिंबू! आकार तोच, वजन थोडं इकडेतिकडे, आणि श्रावणाला चालतं. अंड्याऐवजी लिंबावर ट्रायल घ्यायची, मॉडेल पक्कं करायचं आणि शनिवारी लिंबू काढून त्या जागी अंडं बसवायचं. बस.

तो चिंचपोकळी स्टेशनाबाहेरच्या भाजीवालीकडे गेला आणि अंड्याच्या घडणीचं लिंबू शोधू लागला. पाच मिनिटं टोपली उलथीपालथी केली. एक गोल, एक चपटं, एकाला टोक जास्त.

"काका," भाजीवाली म्हणाली, "लिंबू घेताय का सून बघताय?"

शेवटी एक मनासारखं मिळालं. मॉडेलचं डिझाइनही हितेंद्रने घरी येईपर्यंत मनात करून टाकलं. चांद्रयान उतरताना त्याने टीव्हीवर पाहिलं होतं, तेव्हा त्या विषयातलं बरंचसं त्याला माहीत होतं. अंड्याला मजबूत कवच हवं म्हणून नारळाची करवंटी. तिच्यात थोडा कापूस. अंडं हलू नये म्हणून त्याला काळ्या जाड दोऱ्याने गच्च आवळायचं. खाली उभं राहायला करवंटीला चार लांब खिळ्यांचे पाय. आणि वर पॅराशूट. त्यासाठी आईच्या पेटीतला हळदीकुंकवाला आलेला एक लाल खण त्याने विचारल्याशिवाय घेतला. त्याला एका कोपऱ्यात कुंकू लागलेलं होतं, पण त्याने उड्डाणाला काही फरक पडत नाही.

चाळ तीन मजली आणि कोचरेकर तिसऱ्यावर. गुरुवारी दिवेलागणीला बायकामाणसं स्वयंपाकात आणि पुरुष अजून वाटेत असताना हितेंद्र गॅलरीच्या टोकाला गेला आणि यान सोडलं. पॅराशूट काही उघडलं नाही. यान दगडासारखं खाली गेलं आणि आपटलं. हितेंद्र जिने उतरून धावत गेला. लिंबू सलामत! त्याने पुन्हा वर येऊन पुन्हा टाकलं. सलामत. तिसऱ्यांदा एक पाय निखळला, तो पुन्हा बसवावा लागला, पण लिंबाला ओरखडासुद्धा नाही. सहा वेळा टाकलं आणि सहाही वेळा लिंबू जसंच्या तसं. हितेंद्रचा ऊर भरून आला. इंजिनिअर लोक उगाच एवढा पगार घेतात असं त्याला वाटलं.

"लिंबू नुसतं टाकलं तरी फुटत नाही," अनुजा पोळी उलटता उलटता म्हणाली.

"तत्त्व तेच असतं," हितेंद्र म्हणाला आणि सातव्या ट्रायलला निघाला.

सातव्यांदा मात्र पॅराशूट उघडलं. आता ते उघडावं अशी कुणाची अपेक्षाच नव्हती. वाऱ्याने यान उचललं, अंगणाच्या मधोमध पडायचं सोडून ते हेलकावत बाजूला सरकलं आणि तळमजल्यावर नानांच्या उंबऱ्यासमोर अलगद, चारही खिळ्यांवर उभं राहिलं.

त्याच वेळी नानांच्या बायकोने, नलूकाकींनी, तुळशीला दिवा लावायला दार उघडलं.

करवंटी. तिच्यात काळ्या दोऱ्याने बांधलेलं लिंबू. खाली खिळे. वर लाल खण, त्याला कुंकू. नलूकाकींनी जी किंकाळी फोडली ती समोरच्या चाळीतही ऐकू गेली.

"करणी! अहो, दारात करणी केली कुणीतरी!"

नाना चाळ कमिटीचे अध्यक्ष. गिरणीत तीस वर्षं मागाचे साचे चालवलेला माणूस. 'असलं काही मी मानत नाही' हे वाक्य ते दर सभेत एकदा तरी म्हणत. आताही ते म्हणाले, पण खुर्चीवर उभं राहून.

हितेंद्र धापा टाकत खाली पोचला तोवर चाळ गोळा झाली होती. 'ते माझं आहे' एवढं म्हटलं असतं तर काम भागलं असतं. पण प्रत्येक सेकंदाला ते म्हणणं अवघड होत चाललं होतं.

"खिळे बघा, चार आहेत. चार म्हणजे घरातली चार माणसं!"

"दोरा काळा आहे. हे जाणकाराचं काम आहे."

"नाना, गेल्या मिटिंगला तुम्ही पाण्याच्या टाकीवरून कुणाला बोलला होतात?"

"मी काय एकालाच बोललोय?" नाना खुर्चीवरून म्हणाले. "अख्ख्या चाळीला बोललोय!"

एवढ्यात गर्दी बाजूला सारत गंगुबाई आली. तिने कंबरेवर हात ठेवून वस्तू नीट पाहिली. आपला खण तिने ओळखला की काय, या धास्तीने हितेंद्र नानांच्या खुर्चीमागे सरकला. पण म्हातारीची नजर संध्याकाळची अधू होते.

"जेणा ह्या केल्यान आसात," गंगुबाई आभाळाकडे बघून गरजली, "तेचे हात झडतले!"

हितेंद्रने दोन्ही हात खिशात घातले.

"आणि तू काय बघतस, हितू? उचल ता आणि तिठ्यार नेऊन टाक. मागे वळान बघू नको."

चाळीत हितेंद्र एकटाच असा शूर निघाला, ज्याने ती वस्तू न घाबरता उचलली. लोक आदराने बाजूला झाले. नलूकाकींनी त्याच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळल्या. स्वतः बनवलेलं यान हातात धरून, पाठीमागे अख्ख्या चाळीची नजर घेऊन तो तीन रस्ते मिळतात त्या तिठ्यापर्यंत चालत गेला आणि जड मनाने ते तिथे ठेवून आला. मागे वळून बघायची बंदी नसती, तर त्याने एकदा तरी बघितलं असतं.

मनवा वरच्या गॅलरीतून सगळं बघत होती. तो घरी आला तेव्हा ती वहीत काहीतरी लिहीत होती फक्त.

शुक्रवारी त्याने नवं मॉडेल केलं. एक नाही, तीन केली. ऑफिसात कुठलाही कागद तीन प्रतींत काढायची सवय. खणाऐवजी या वेळी त्याने आपला जुना पांढरा बनियन कापला, बाकी डिझाइन तेच ठेवलं. सात ट्रायली पास झालेलं डिझाइन बदलायचं कशाला?

शनिवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला दोन पेनं लावून परळच्या शाळेत पोचला. चौथीची चाळीस मुलं अंगणात मांडी घालून बसली होती. जमिनीवर प्लॅस्टिक अंथरलेलं. मॅडमच्या टेबलावर अंड्यांचे ट्रे, शेजारी स्टँडवर फळा. (एका आजीबाईंनी श्रावणाची तक्रार केली होती म्हणे. 'खायचं कुठे आहे, वाचवायचंच आहे ना?' असं विचारून मॅडमनी त्यांना गप्प केलं होतं. तो मुद्दा गंगुबाईपुढे टिकला नसता.) मनवा दुसऱ्या रांगेत ताठ बसली होती, कुरळ्या केसांच्या संघर्ष नावाच्या मुलाशेजारी.

"मुलांनो, हे मनवाचे बाबा," मॅडम म्हणाल्या. "हे आपल्याला त्यांचं मॉडेल टाकून दाखवणार आहेत. नीट बघा. वहीत नोंद करा."

हितेंद्र तिन्ही मॉडेलं आणि ट्रेमधली तीन अंडी घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेला. खाली ऐंशी डोळे. त्याने करवंटीत अंडं ठेवलं, काळ्या दोऱ्याने गच्च आवळलं, हात पुढे केला आणि सोडलं.

फट्.

वरून त्याला फक्त पिवळं दिसलं.

"वा!" खालून मॅडमचा आवाज आला. "उत्तम! सर, दुसरं आहे का?"

मॅडम टोमणा मारताहेत असं हितेंद्रला वाटलं आणि कानशिलं तापली. त्याने दुसरं टाकलं. या वेळी बनियनचं पॅराशूट करवंटीभोवतीच गुंडाळलं गेलं. फट्. तिसरं सोडताना त्याने देवाचं नाव घेतलं, पण देवाचाही श्रावण असावा. देवाने त्या अंड्याला हात लावला नाही.

तो जिना उतरला. छत्तीस पायऱ्या होत्या, त्याला तीनशे साठ वाटल्या. खाली मुलं त्याच्या तिन्ही यानांच्या अवशेषांभोवती घोळका करून बसली होती आणि मॅडमनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'का फुटलं?'

"मॅडम, करवंटीच कडक आहे. अंडं तिच्यावरच आपटलं."

"काकांनी बांधलंय पण किती टाइट! हलायला जागाच नाय."

"पॅराशूटचे दोरे एकसारखे नाहीयेत. एक लांब, एक छोटा."

"कापूस एकाच साइडला आहे. दुसरीकडे नुसती हवा."

"खिळे कशाला लावलेत पण?" एका मुलीने मनापासून विचारलं. "खिळ्यांनी काय होतं?"

"शोभेला," हितेंद्र क्षीण आवाजात म्हणाला.

मग मनवाने हात वर केला. "बाबा, तू हे टेस्ट केलं होतंस ना?"

"हो. सात वेळा."

"अंड्याने?"

चाळीस पेन्सिली वहीवर थांबल्या.

"लिंबाने," हितेंद्र म्हणाला.

"पण काका," संघर्ष म्हणाला, "लिंबू फुटतं का?"

वर्ग जो हसला तो थांबेचना. पहिल्या रांगेतला एक मुलगा तर हसता हसता आडवा झाला. मॅडमनी फळ्यावर शांतपणे आणखी एक ओळ लिहिली, 'ज्याची परीक्षा, तेच वापरून बघायचं.' हितेंद्र चोरट्या नजरेने मनवाकडे बघत होता. ती हसत नव्हती. खाली मान घालून लिहीत होती, आणि तेच त्याला जास्त लागलं.

"काका, तुम्ही इंजिनिअर आहात ना?" संघर्षने पुढचा प्रश्न टाकला. "मग तुम्ही काय काय बांधलंय? पूल का टॉवर?"

झालं. अजून एक खोटं सुचत होतं, नाही असं नाही. टॉवर म्हणाला असता तर मुलांनी मानलंही असतं. लालबागमध्ये जिकडे बघावं तिकडे टॉवर आहेत, त्यातला एखादा खपून गेला असता. पण समोर तीन अंडी फुटून पडली होती, आणि त्यांच्या साक्षीने खोटं बोलणं त्याला जमेना.

"मी इंजिनिअर नाही," तो म्हणाला. "इंजिनिअरिंग विभागात क्लार्क आहे. जावक क्लार्क."

"म्हणजे काय करता?"

"इंजिनिअर लोक कागदावर जे काही करतात, ते पाकिटात घालतो, पत्ता लिहितो, आणि पाठवतो."

"आणि ते चुकलं तर?"

"तर ते परत येतं. मग दुरुस्त केलेलं पुन्हा पाठवतो."

मुलांना हे पटलं. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. संघर्षने फक्त विचारलं, "मग तुम्हाला सेलोटेप नीट कापता येत असेल?" आणि हितेंद्रने मान हलवताच त्याच्या हातात टेपचं भेंडोळं देऊन टाकलं.

पुढचे दीड तास हितेंद्र चौथीच्या मुलांमध्ये खाली मांडी घालून टेप कापत होता. पाच-पाच मुलांचे गट पडले. कुणी फुगे आणले होते, कुणी स्पंज, कुणी आजीच्या स्वेटरची बाही. पहिल्या फेरीत बहुतेक अंडी फुटली. मॅडम प्रत्येक वेळी 'वा' म्हणत आणि विचारत, का फुटलं? मुलं भांडत, वहीत खरडत, सोडत, पुन्हा बांधत. एका गटाने हितेंद्रला मध्येच सांगितलं, "काका, तुम्ही सजेशन देऊ नका हां, फक्त टेप द्या."

मनवाच्या गटाने कुरमुऱ्यांची पिशवी केली होती. पहिल्यांदा पिशवी गच्च भरली होती, अंडं फुटलं. दुसऱ्यांदा तिने कुरमुरे थोडे कमी केले, अंडं मधोमध सैल ठेवलं आणि तोंड टेपने बंद केलं. टेप हितेंद्रने कापून दिली होती. पिशवी दुसऱ्या मजल्यावरून धप्पकन आली. मनवाने ती उघडून आत हात घातला आणि अख्खं अंडं बाहेर काढून डोक्यावर धरलं. हितेंद्र इतक्या जोरात ओरडला की मॅडमना त्यालाही 'शांत बसा' म्हणावं लागलं.

शाळा सुटल्यावर बापलेक पुलावरून चिंचपोकळीकडे चालत निघाले. मनवाच्या हातात उरलेल्या कुरमुऱ्यांची पुडी होती. अर्ध्या वाटेत हितेंद्रने धीर केला.

"मनू, तुला वाईट वाटलं ना? बाबा इंजिनिअर नाही म्हणून?"

"ते मला दुसरीतच माहीत होतं. आजीने सांगितलं होतं."

हितेंद्र पुलावरच थांबला. मागून येणारा एक माणूस त्याला धडकला आणि दोन शब्द बोलून पुढे गेला.

"माहीत होतं? मग तू मॅडमना माझं नाव कशाला दिलंस?"

"अरे बाबा, मॅडमनी वर्गात विचारलं होतं." मनवाने एक मूठ कुरमुरे तोंडात टाकले. "म्हणाल्या, आधी आपण एक फसलेलं मॉडेल नीट बघू. चांगलं बघितलं तर सगळे तेच कॉपी करतात, कुणी डोकं लावत नाही. म्हणून असे पालक हवेत ज्यांचं अंडं फुटेल. कुणाच्या घरी आहेत का?"

"आणि?"

"आणि मी सगळ्यात आधी हात वर केला." तिच्या डोळ्यांत तीच चमक होती, अगदी फोनच्या दिवशीची. "पण मॅडम तयारच होईनात. म्हणाल्या, अगं, फॉर्मवर तर इंजिनिअर लिहिलंय. त्यांचं नाही फुटलं तर आपला अख्खा प्रोजेक्ट वाया जाईल. मी म्हटलं, मॅडम, तुम्ही बिनधास्त बोलवा. माझ्या बाबांची गॅरंटी मी घेते."